आधी आर, मग भोवरा

ताडकळसच्या गोजरबाईला कुणी विचारलं, बाई तुमी काय काम करता, तर ती एकाच शब्दात सांगायची, "ओढते." परक्या माणसाला वाटायचं, बाई विडी ओढते की विहिरीचं पाणी. ती ओढायची खरादाचा पट्टा.

हा खराद म्हणजे तिच्या नवऱ्याचं, रामकिशन सुताराचं सगळं वैभव. जमिनीत रोवलेले दोन बुटके खांब, त्यांच्यातून आत डोकावणारी दोन लोखंडी टोकं, आणि त्या दोन टोकांच्या मधे चिमटीत धरावं तसं धरलेलं लाकूड. लाकडाला चामड्याच्या पट्ट्याचे दोन वेढे. पट्ट्याची दोन्ही टोकं गोजरबाईच्या दोन हातांत. उजवा हात ओढला की लाकूड गरकन इकडे, डावा ओढला की गरकन तिकडे. समोर रामकिशन पटाशी टेकवून बसलेला. पाळण्याचे खूर, लाटणी, देव्हाऱ्याचे खांब, आणि मुख्य म्हणजे बैलगाडीच्या चाकाचे तुंबे, म्हणजे चाकाच्या मधला तो ढोल्या गोळा, सगळं ह्याच खरादावर निघायचं. लोक म्हणायचे, रामकिशनच्या हातात गोलाई आहे. गोजरबाईच्या हातात काय आहे, हे विचारायचं अठरा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

तिच्या हातात बरंच काही होतं. लाकडात गाठ असली तर पट्टा बारीक हिसका द्यायचा. एक बाजू जड असली तर दर फेऱ्याला मनगटावर टिचकी बसल्यासारखी व्हायची. रामकिशन डोळा बारीक करून लाकूड न्याहाळायचा, तोवर गोजरबाईला सगळं कळून गेलेलं असायचं. पण ती बोलायची नाही, कारण रामकिशनला उत्तरं द्यायची सवय होती, विचारायची नव्हती.

त्याचा खरा अभिमान म्हणजे धाव. लाकडी चाकावर लोखंडाची जी कडी चढवतात, ती. कडी चाकापेक्षा जरा लहानच करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, तापून फुगली की चाकावर टाकायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि गार होता होता कडी चाकाला अशी आवळते की चाकाचे सांधे कडकड वाजतात. रामकिशननं बसवलेली धाव कधी निसटली नाही, असं पेडगावपर्यंत सांगितलं जायचं. सांगणारा बहुतेक वेळा रामकिशनच असायचा. गोजरबाईनं घागर ओतायची आणि त्यानं मिशीवरून हात फिरवायचा, अशी कामाची वाटणी होती.

पण गावोगावी रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि चाकाचं काम आटलं. वर्षाला दोन-तीन तुंबे निघाले तर निघाले. त्यात महादेवाच्या रथाची चाकं कुजली. ती मूळची रामकिशनच्या आजोबानं केलेली, म्हणून त्यानं धरूनच ठेवलं होतं की नवी चार चाकं आपलीच. आणि तेवढ्यात पूर्णेचा पंडित उगवला.

पंडितनं पूर्णेच्या स्टेशनामागं विजेवरचं लेथ मशीन टाकलं होतं. माणूस गोड, कपडे इस्त्रीचे, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची खोड. त्यानं देवळाच्या ओट्यावर पंचांना समजावून सांगितलं की लोखंडी चाकं करू, आत बेअरिंग टाकू, मग रथ दोन माणसांनी ढकलला तरी पळंल. निम्मं गाव लगेच मनातल्या मनात रथ ढकलायला लागलं. मग रामकिशनच्या खांद्यावर हात ठेवून पंडित म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका. पण हातानं काढलेलं गोल आन मशीननं काढलेलं गोल, यात फरक असतोय."

"असतोय की," रामकिशन म्हणाला. "कोन्त्या बाजूनं असतोय, ते बगावं लागंल."

आता फैसला करायचा होता आबासाहेबांना. देवस्थानाचे मुख्य पंच ते. साठ एकराचे मालक, पण फैसला म्हटला की ते चुकवायला बघायचे. धोतरजोडी घ्यायला गेले तर दोन काठांत अडकून दोन्ही घेऊन यायचे. चाकं काही दोघांची अर्धी अर्धी बसवता येत नव्हती. त्यांनी बराच वेळ पान चघळलं, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"चाक काय आन भोवरा काय, दोनी आपल्या खिळ्यावर फिरतेत," आबासाहेब म्हणाले. "दोघं एकेक भोवरा करा. लाकडाचाच, चार बोटं उंच, आर कशाची बी. पुढच्या बाजारी ह्याच ओट्यावर एका टायमाला सोडा. ज्याचा शेवटपर्यंत उभा ऱ्हाईल, त्याची चाकं."

फैसला भोवऱ्यावर ढकलता आला म्हणून ते इतके खूष झाले की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

घरी दाराशी आल्यावर रामकिशन म्हणाला, "रथ गेला तर खराद चुलीत घालायचा. उगं जागा अडवायलाय." गोजरबाईनं पायरीवर बसून आपले तळवे पाहिले. पट्ट्यानं दोन्हींवर पिवळट घट्टे पडले होते. ह्या हातांनी उद्या दुसऱ्याच्या रानात निंदायला जायचं. खुरपं तिला कधीच नीट जमलं नव्हतं. गवताबरोबर पीकही यायचं. ओढणं मात्र जमत होतं, आणि ते तिला आवडत होतं, हे तिला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून भोवरे सुरू झाले. पहिला तर इतका देखणा निघाला की रामकिशननं तो दोनदा शेजारच्या चांगुणाबाईला दाखवला. मग त्यानं आर घेतली, म्हणजे भोवऱ्याच्या तळाचा खिळा, ती जाळात लाल केली आणि सांडशीनं धरून लाकडात दाबली. लोण्यात बोट जावं तशी गेली. जळक्या बाभळीचा धूर निघाला. मिशीवरून हात फिरला.

जाळी गुंडाळून भोवरा सोडला. ही जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी, मासे धरायची नव्हे. भोवरा गुंगला, एका जागी झोपल्यासारखा थिर झाला, आणि मग तो डुलायला लागला. बाजारातून तर्र होऊन परतणारा गडी जसा आधी सरळ चालायचा फार प्रयत्न करतो आणि मग कुंपणात जातो, तसा तो खरादाच्या खांबावर जाऊन आपटला.

रामकिशननं लाकडाला दोष दिला. दुसरा केला. तोही कुंपणात. मग दोष जाळीला, मग अंगणाच्या उताराला. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई विस्तव मागायला आली आणि भोवऱ्याकडे पाहून "कसा गं गोड फिरायलाय" म्हणाली, तेव्हापासून दोष चांगुणाबाईच्या नजरेला. पाचव्या दिवशी दुपारी टोपल्यात सात भोवरे पडलेले होते आणि रामकिशन खांबाला टेकून छपराकडे बघत होता.

गोजरबाईनं टोपलं उचललं. एक भोवरा हातात घेऊन ती उगीच त्याची आर चाचपत होती, तर आर फिरली. कानातल्या फुलाची फिरकी फिरावी तशी, दोन बोटांत. तिनं दुसरा घेतला. तीही. सातही आरी फिरत होत्या.

"अवो, ह्या समद्या आरी हालायल्यात."

"हालायच्या न्हाईत. लाल करून बसवल्यात. धाव बसवतो तशा."

"म्हणूनच हालायल्यात."

रामकिशननं छपरावरची नजर खाली आणली.

"धावंवर पाणी कोन ओततंय?" तिनं विचारलं.

"तू."

"मग मला दिसतंय ते ऐका. लाल असती तवा धाव चाकावर सैल असती. गार पडली की आकसती. भाईर हाय, म्हणून आकसली की चाकाला आवळती. आन ही आर आत हाय. आत बसून आकसली, तर ती कोनाला आवळंल? सुटलंच की मधी."

रामकिशननं टोपी काढली, परत घातली. इतकी वर्षं जी युक्ती चाकावर चालली तीच त्यानं डोळे मिटून उलट्या जागी चालवली होती, आणि वरून मिशीला हात लावला होता. तो उठला, खरादाभोवती तीन चकरा मारल्या, जाळावर घागर उपडी केली, आणि हसायलाच लागला. इतका हसला की चांगुणाबाई विस्तव नको असताना बघायला आली.

आता आर गारच ठोकायची, जरा बारीक भोकात. गिरमिटानं भोक पाडलं, खिळ्याला कानशीनं उलटे दाते काढले, भोवरा दोन पायांत धरला आणि हातोडी उचलली. आता तापल्या खिळ्याला दाबायची सवय झालेला माणूस. गार खिळा मागतो ठोका. पहिला ठोका आरीवर बसला, दुसराही बसला. तिसरा डाव्या अंगठ्यावर. सुतारानं स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारणं म्हणजे आचाऱ्यानं स्वतःच्या घरी उपाशी झोपणं. गोजरबाईनं हळद लावून चिंधी बांधली, तेव्हा रामकिशन म्हणाला, "गावात सांगू नको."

ती आर मात्र हलेना. भोवरा सोडला तर आधीच्या सातांपेक्षा दुप्पट उभा राहिला. पण शेवटी डुललाच. जरासाच, पण डुलला.

"आता काय?" रामकिशन म्हणाला. अठरा वर्षांत त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. विचारून झाल्यावर दोघंही जरा दचकले.

गोजरबाई विचार करत पट्टा हातात घेऊन बसली. मग सावकाश म्हणाली की लाकूड खरादावर असतंय तोवर माझ्या हाताला बिलकुल हिसका न्हाई लागत. एकदम सरळ फिरतंय. तुमी ते खाली उतरवता, मग आर ठोकता, आन मग डुलतंय. म्हणजे बिघाड खरादावर न्हाई. खाली उतरवल्यावर हाय.

रामकिशन खरादाच्या दोन टोकांकडे बघायला लागला. एकदा टोकाकडे, एकदा आरीकडे. खरादाचा मध्य एक होता. मग भोवरा उतरवून, अंदाजानं ठोकलेल्या आरीचा मध्य दुसरा. भोवरा गोल होता खरादाच्या मध्याभोवती आणि फिरत होता आरीच्या मध्यावर. केसाएवढाच फरक, पण भोवऱ्याला केस पुरतो. आर कितीही जपून ठोकली तरी ती केसभर इकडंतिकडं जाणारच. मग ती जाऊच द्यावी. लाकूडच तिच्याभोवती गोल करावं.

"आधी आर," तो हळूच म्हणाला.

"आन मग?"

"मग भोवरा."

आता त्याच्या अंगात वारं भरलं. खरादाचं एक टोक त्यानं काढलं आणि त्या जागी बोटभर लोखंडाचा तुकडा बसवला. त्याला मधे मुगाएवढा खळगा. त्या खळग्यात आरीचं टोक बसणार आणि लाकूड आरीवरच फिरणार, जमिनीवर पुढं फिरायचं तसंच. लाकडासाठी तो घरामागं गेला आणि आजोबाच्या हातचा, रथाच्या जुन्या चाकाचा फुटका तुंबा ओढत घेऊन आला. कोपऱ्यात किती वर्षं पडला होता कोण जाणे. "ह्याला आकसायचं तेवढं आकसून झालंय," तो म्हणाला. "आता हे आपला शब्द बदलायचं न्हाई."

आधी चौकोनी ठोकळ्यात आर ठोकली. ठोकताना हातोडी गोजरबाईनं घेतली. दुसरा अंगठा शिल्लक ठेवायचा होता. मग ठोकळा खरादावर चढला आणि तिनं पट्टा ओढला.

सुरुवातीला पट्टा बैलासारखा धडपडला. चार कोपरे चार हिसके देत होते. पटाशी लागली, कोपरे उडाले, ढलप्या तिच्या केसांत येऊन बसल्या. हिसके बारीक झाले. टिचक्या झाल्या. मग नुसती हुळहुळ. रामकिशननं खालची बाजू निमुळती केली, वरची बाजू भरदार ठेवली, कारण वजन कडेला असलं की भोवरा जोर धरून ठेवतो, हे त्याला चाकांनी शिकवलं होतं. "अजून डाव्या अंगाला जड हाय," गोजरबाई म्हणाली. त्यानं कागदाएवढा पापुद्रा काढला. "अजून." अजून काढला. आणि मग एक क्षण असा आला की तिच्या हातांना काहीच लागेना. जणू पट्टा हवेलाच गुंडाळलाय. तिनं डोळे मिटून पाच-सात वेळा ओढून पाहिलं आणि म्हणाली, "झालं."

तिच्या "झालं"वर रामकिशननं पटाशी खाली ठेवली. स्वतः बघायला वाकलासुद्धा नाही.

बाजाराच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं एसट्या बंद होत्या. पंडित पूर्णेहून सायकल मारत आला, इस्त्री घामानं गेलेली, पण भोवरा रुमालात जपून आणलेला. चकाचक पॉलिश, आणि आरीच्या टोकाला बेअरिंगची बारीक गोळी, चांदणीसारखी चमकणारी. लोक हळहळले. रामकिशनच्या भोवऱ्याला ना रंग ना चमक. जुन्या तुंब्याचा काळा, सुपारीसारखा गडी.

ओट्याची फरशी पुसली. आबासाहेब मधे उभे राहिले. रामकिशन जाळी गुंडाळायला लागला आणि तिथं त्या अंगठ्यानं घात केला. वांग्यासारखा सुजलेला अंगठा भोवऱ्यावर टेकेना, जाळी घसरली, भोवरा हातातून सुटून फरशीवर टणकन पडला. हशा उठला. आबासाहेब लगेच म्हणाले की मग पुढच्या बाजारी ठेवू या. पुढं ढकलण्यात त्यांना फार सुख होतं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून गोजरबाई ओट्यावर चढली. तिनं खाली वाकून भोवरा उचलला, आरीला बोट लावून पाहिलं, आणि नवऱ्याच्या हातातून जाळी घेतली. कुजबूज झाली. बाईनं भोवरा सोडायचा, हे ताडकळसच्या ओट्यानं कधी पाहिलं नव्हतं.

पंडित हसत पुढं आला. "वैनी, कशाला तरास? म्याच दोनी सोडतो. बेइमानी करायचो न्हाई."

"तुमी तुमचा सोडा, भाऊजी," गोजरबाई म्हणाली. "मी अठरा वर्सं ओढायले."

आबासाहेबांनी ह्याविरुद्ध नियम आठवून पाहिला. नियमच नव्हता. त्यांनी हात वर केला.

तिनं जाळी गुंडाळली. वेढ्याला वेढा लागून, पट्ट्यासारखीच. आबासाहेबांचा हात खाली आला आणि तिनं ओढलं. अठरा वर्षांची सगळी ओढ त्या एका हिसक्यात उतरली. जाळी हवेत सट्‌कन वाजली आणि भोवरा फरशीवर असा उतरला की जणू आधीपासून तिथंच फिरत होता.

दोन्ही भोवरे गुंगले. पंडितचा जाड आवाजात, गोजरबाईचा बारीक, डासासारखा. बोंबील विकणारीनं ओरडणं थांबवलं. हॉटेलातल्या स्टोव्हचा भर्र आवाज तेवढा येत होता. काळा गडी तर इतका थिर की तो फिरतोय की नुसता उभा आहे, हे कळेना. रामकिशन गुडघ्यांवर बसून फरशीला गाल लावून बघत होता.

पंडितच्या भोवऱ्याच्या डोक्यानं आधी तिळाएवढा गोल काढला. मग ज्वारीएवढा. पंडितचा हात शेजारच्या कुणाच्या तरी खांद्यावर गेला आणि तिथंच आवळला. गोल हरभऱ्याएवढा झाला, बोराएवढा झाला, चांदणी फरशीवर किरकिरली, आणि भोवरा लवंडून, लोळत, ओट्यावरून खाली बोंबलांच्या पाटीत गेला.

काळा गडी अजून उभाच होता.

लोक ओरडायला लागले, पण गोजरबाई ओरडली नाही. ती वाकली, दोन बोटांच्या फटीतून भोवरा अलगद तळव्यावर घेतला, आणि तो तसाच फिरता आबासाहेबांच्या तळहातावर सोडला. "बगा," ती म्हणाली.

आबासाहेब श्वास रोखून उभे राहिले. हातावर एकाच जागी मुंगी चालल्यासारखी गुदगुली होत होती, इकडे नाही, तिकडे नाही. त्यांचे डोळे मोठे झाले. "चाकं रामकिशनची," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मधे पान न खाता फैसला केला.

पंडितनं तो काळा भोवरा घेऊन आर पिळून पाहिली. हलली नाही. त्यानं दाताखाली ओठ धरून जोर लावला, तरी नाही. मग त्यानं दिलदारीनं रामकिशनच्या खांद्यावर हात ठेवला. रामकिशननं बोंबलांतून काढलेला त्याचा भोवरा नखानं टोकरून पाहिला आणि सांगितलं की मशीन बेशक सरळ आहे, पण लाकूड ह्याच सालचं हिरवं. मशीननं गोल केलं त्या दिवशी गोलच होतं, नंतर आठ दिवस आकसत बसलं. पुढच्या वेळी जुना तुंबा घेऊन जा. पंडितनं तिथंच एक मागून घेतला.

पंधरा दिवसांनी रथाचे नवे तुंबे खरादावर चढले, तेव्हा बघायला एवढी गर्दी झाली की चांगुणाबाईला विस्तवाचं निमित्तही लागलं नाही. रामकिशन रंगात आला होता. पटाशी चालवता चालवता सांगत होता की मी विचार केला, धाव भाईर आन आर आत, मग ही आकसल्यावर...

लाकूड थांबलं. रामकिशननं पटाशी तशीच धरून पाहिलं. पट्ट्याची दोन्ही टोकं गोजरबाईच्या हातांत होती आणि हात मांडीवर होते. ती नवऱ्याकडे बघत होती, रागानं नव्हे, नुसती वाट बघत.

रामकिशन खाकरला. "म्हणजे हिनं विचार केला," तो गर्दीला म्हणाला. "म्या ऐकलं."

गोजरबाईनं उजवा हात ओढला, आणि तुंबा गरकन फिरला.